बेचाळीस हो, एक नाही

सोमवार, ५ जानेवारी २०२६. लोणावळा

पाच वर्षांनी नोकरी लागली आणि पाच वर्षांनीच ही वही उघडते आहे. शेवटची नोंद आईच्या अर्धांगवायूच्या दिवसाची होती. त्या नोंदीवर आधी कोरा कागद चिकटवला. रोज तेच पान समोर यायला नको.

कंपनी तळेगावात, माणसं सगळी मिळून अकरा. शीतगृहं, बर्फाचे कारखाने अशा ठिकाणी अमोनिया वायू वापरून गारवा तयार करतात. तो गळला तर डोळे जातात, छाती भरते, म्हणून तिथल्या भिंतीवर आमची पेटी असते. हवेतला वायू मोजायचा आणि वाढला की भोंगा वाजवायचा, एवढंच तिचं काम. पेटीत तळहाताएवढा बोर्ड असतो. त्या बोर्डवर चालणारा प्रोग्रॅम आजपासून माझ्या ताब्यात आला. माझ्या आधी हे श्रीयश नावाचा मुलगा बघायचा. तो नोव्हेंबरमध्ये तडकाफडकी गेला. का, ते विचारलं तर मालकीण प्रेरणा म्हणाल्या की तो फार शंकेखोर होता, कुठलंच काम संपवायचा नाही.

पहिलं काम लगेच हातात पडलं. आंबीच्या शीतगृहातली पेटी दिवसातून दोन-तीनदा उगाचच भोंगा वाजवते. तिथे गुलाब ठेवतात. चौदा फेब्रुवारीच्या आधी गुलाबांची नुसती झुंबड, आणि दर भोंग्याला चाळीस माणसं हातातलं टाकून मैदानात पळतात. महिनाअखेरीच्या आत भोंगा गप्प झाला पाहिजे, असं प्रेरणांनी बजावलंय.

बाबांना सांगितलं. ते खंडाळ्याला रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी गाडीची शिट्टी ऐकली की घड्याळ बघतात. म्हणाले, भोंगा गप्प करायचा पगार देतात का हल्ली? मी म्हटलं, बाबा, उगाच वाजणारा भोंगा. ते ‘हं’ म्हणाले आणि पेपरात शिरले.

बुधवार, ७ जानेवारी

श्रीयशच्या कामाला पसारा म्हणणं हा पसाऱ्याचा अपमान होईल. माझ्या स्वयंपाकघरात मोहरीच्या डब्यावर मोहरी असं लिहिलेलं असतं आणि आत मोहरीच असते. या मुलाने एकाच स्क्रिप्टच्या, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचनांच्या यादीच्या, नऊ प्रती ठेवल्यात. ‘नवीन’, ‘नवीन खरी’, ‘हीच वापरा’.

काम असं आहे. प्रोग्रॅम तयार होतो ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, पण चालतो पेटीतल्या बोर्डवर. दोघांची घडण वेगळी. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. तयार करणाऱ्या स्क्रिप्टला सुरुवातीलाच बोर्डाबद्दल त्रेचाळीस प्रश्न पडतात. त्याला हे येतं का, ते झेपतं का. एरवी स्क्रिप्ट जागच्या जागी छोटासा प्रयोग करून उत्तर मिळवते. इथे तिला ते जमत नाही, कारण बोर्ड तिच्यासमोर नसतो, तो आंबीला भिंतीवर टांगलेला असतो. मग माणसाने सगळी उत्तरं एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. स्क्रिप्ट ती वाचते आणि मुकाट पुढे जाते. खरंखोटं तपासत नाही.

मला हसू आलं. हे काम मी पाच वर्षं केलंय, आई जाईपर्यंत. आईचं बोलणं गेल्यावर डॉक्टर विचारायचे, दुखतंय का, झोप लागते का, औषध सोसतंय का. आई माझ्याकडे बघायची आणि उत्तरं मी द्यायचे. दुखत नाही. लागते. सोसतं. कधी अडलं नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

उत्तरांची फाइल आज नीट लावली. बेचाळीस प्रश्नांसमोर ‘हो’ आणि एकाच प्रश्नासमोर ‘नाही’. त्या ‘नाही’शेजारी कारण नाही, खुलासा नाही, फक्त ‘१० मार्च’ अशी तारीख.

प्रश्न साधा आहे. एखादा आकडा दोन खणांत अर्धा-अर्धा पडला असेल, तर बोर्ड तो एका झटक्यात उचलू शकतो का? ‘हो’ म्हटलं तर प्रोग्रॅम आकडा झटक्यात उचलतो. ‘नाही’ म्हटलं तर एकेक खण उघडून, तुकडे जुळवून, सावकाश. बोर्डाच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय की उचलतो. माझ्या टेबलावरच्या बोर्डवर करूनही बघितलं, उचलतो. मग हा सावकाशपणा कशाला? श्रीयशला दोनदा फोन केला, त्याने घेतला नाही. ‘१० मार्चची ओळ कशासाठी?’ एवढा निरोप पाठवला आणि ओळ बदलून टाकली.

त्रेचाळीस हो. इतकी देखणी फाइल मी आजवर पाहिली नाही.

सोमवार, १२ जानेवारी

आंबीला गेले. तिथले ऑपरेटर धोंडिबाभाऊ, कान्ह्याचे, साठीला टेकलेले, पंचवीस वर्षं कॉम्प्रेसरच्या खोलीत काढलेली. मुलगा आकाश कान्ह्याच्याच बर्फाच्या कारखान्यात लागलाय, तोही यांच्याच शब्दावर. चहा त्यांनी स्वतः केला आणि कप आधी पुसून घेतला, तेव्हाच माझं त्यांच्याशी जमलं.

सोमवार म्हणजे त्यांचा फडक्याचा दिवस. फडकं अमोनियाच्या पाण्यात बुडवायचं, काठीला बांधायचं आणि पेटीच्या जाळीखाली धरायचं. भोंगा वाजला की रजिस्टरात लिहायचं, ‘फडका धरला. वाजला.’ सही. पानंच्या पानं तेच. आजही धरला, वाजला, आणि चाळीस माणसं मैदानात. मॅनेजर सुहास यांनी कपाळाला हात लावला.

त्यानंतर मी नवा प्रोग्रॅम चढवला. तो दर तासाला पेटीला विचारतो, ठीक आहेस का, आणि पेटी सांगते, ठीक. मग फडकं हवं कशाला? सुहासना ही कल्पना फारच आवडली. फडका आजपासून बंद. धोंडिबाभाऊ एवढंच म्हणाले, “ताई, मशीन सोताच सोताला बरं म्हनतंय. त्याला काय अर्थ हाय?” मी हसले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, भाऊ, तुमचा फडका आता आमच्या प्रोग्रॅममध्येच आहे.

रजिस्टर घरी घेऊन आले, जुन्या नोंदी सवडीने कॉम्प्युटरवर घ्यायच्यात. आंबीच्या पेटीवर कोपऱ्यात हिरवा ठिपका रंगवलाय. माझ्या टेबलावरच्या पेटीवर तसा नाही. श्रीयशची हौस असणार.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. दोन दिवसांत भोंगा एकदाही वाजला नाही. सुहासनी तिळगुळाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आता खरं गोड बोलता येईल.’

आंबीच्या हवेतला वायू किती, त्याची रेघ मला मोबाइलवर दिसते. आधी ती सारखी थरथरायची, तीन, पाच, दोन, मध्येच पस्तीस. आता शून्यावर सरळ, पाटीवर पट्टीने ओढल्यासारखी. खरं सांगायचं तर भोंगा नेमका कशाने थांबला ते मला माहीत नाही. सात दुरुस्त्या एकदम केल्या, त्यातल्या कुठल्यातरी एकीने थांबला असेल. हे प्रेरणांना सांगितलं नाही. त्या इतक्या खूश होत्या.

मंगळवार, २० जानेवारी

हाच प्रोग्रॅम आता बाकीच्या ठिकाणीही चढवला. मी तळेगावच्या दोन जागा केल्या, कान्ह्याच्या बर्फाच्या कारखान्यात आमच्या ऑफिसातला रतन जाऊन आला. परत येऊन म्हणाला, पाच मिनिटांचं काम होतं. त्यालाही म्हटलं, फडक्याची काठी असेल तर काढून टाकायला सांग. त्याने आधीच सांगितलं होतं.

गुरुवार, २२ जानेवारी

शेजारी हळदीकुंकू होतं. तिथे असताना श्रीयशचा फोन येऊन गेला, दोन वेळा. हातात वाण, कपाळाला कुंकू, घेणार कशी? घरी आल्यावर करणार होते, मग वाटलं, आता काय सांगणार हा? त्याचा भोंगा थांबत नव्हता, माझा थांबलाय. उपदेश ऐकायची हौस नाही.

जेवताना बाबांनी अचानक विचारलं, “इरा, तुझी पेटी बिघडली तर काय दाखवते?”

मी म्हटलं, काही नाही, म्हणजे शून्य.

बाबांचा घास हातात राहिला. मग त्यांनी त्यांच्या उमेदवारीच्या काळातलं सांगितलं. तेव्हा घाटात हाताचे सिग्नल होते, लांबून तार ओढली की हात खाली यायचा आणि गाडी निघायची. ती तार तुटली तर हात आपोआप आडवा व्हायचा, म्हणजे थांब. बिघाड झाला की गाडी थांबलीच पाहिजे, असं करूनच ठेवलेलं. तुमचं उलटं दिसतंय, म्हणाले. बिघडलं की चला पुढे.

मी जरा तोडूनच बोलले. म्हटलं, बाबा, हे तारेचं काम नाही. आमटी वाढली, तर नको म्हणाले.

मंगळवार, २७ जानेवारी

आंबीला गेले. काम जोरात. गुलाबांचे खोके छतापर्यंत. तीन नंबरच्या खोलीतल्या गुलाबांच्या पाकळ्या कडेने काळ्या पडायला लागल्यात. बागेतला माणूस म्हणतो बुरशी आहे, औषध मारतोय. कॉम्प्रेसरच्या खोलीचं पितळी कुलूप पंधरा दिवसांपूर्वी पिवळंधमक होतं, आता त्याला हिरवट-निळा थर चढलाय. स्वस्तातलं असेल. माझे डोळे सारखे चुरचुरत होते. काल स्क्रीनसमोर फार वेळ बसले, त्याचा परिणाम.

धोंडिबाभाऊ मला बाजूला घेऊन गेले. त्यांच्या हातात गंधकाची काडी होती. ही पेटवून पाइपाजवळ नेली आणि पांढरा धूर निघाला की तिथे गळती, अशी त्यांची जुनी पद्धत. सुहास ती काडी पेटवू देत नाहीत, खोक्यांना आग लागेल म्हणतात.

“ताई, तुमची रेग लय सरळ हाय,” ते म्हणाले. “हितं मशीनचं तेल काढलं तरी थोडा वास सुटतोच, आन् रेग हालायची. आता म्या कायबी करू, ती हालतच न्हाई. आमी जित्ती मानसं, आमचं बी इतकं सरळ नसतंय.”

मी त्यांना समजावलं. आधीची थरथर म्हणजे गोंगाट होता, मी तो साफ केला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, व्हय, आसंल, तुमी शिकलेल्या. त्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळे मला दिवसभर बरं वाटलं नाही. घरी येऊन दुरुस्त्या पुन्हा तपासल्या. कुठेही चूक सापडली नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

प्रेरणांनी पेढे आणले. शीतगृहासाठी नवी नियमावली केली आहे. पेटी शून्य दाखवत असेल तर तीन नंबरच्या खोलीत मास्क न घालता जाता येईल. मास्क चढवण्यात दर वेळी दहा मिनिटं मोडतात. मास्कचं कपाट आता सुहासच्या ऑफिसात, किल्ली त्यांच्याकडे. खाली प्रेरणांची सही, सुहासची सही आणि ‘तांत्रिक पडताळणी’ म्हणून माझी. पाच वर्षांनी कुठल्या कागदावर माझ्या नावापुढे हुद्दा आला. सही करताना हात थांबला होता का? थांबला होता. पेनची शाई उतरत नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहिते.

आज घरून काम करत होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी धोंडिबाभाऊंचा फोन आला. म्हणाले, तीन नंबरला वास हाय, वॉल्वच्या गळ्यापाशी घट्ट करायला लागंल. मास्कची किल्ली साहेबांकडं आन् साहेब पुण्याला गेल्यात. मग विचारलं, “ताई, मशीन किती दावतंय?”

मी मोबाइल बघितला. रेघ सरळ होती.

“शून्य आहे, भाऊ,” मी म्हटलं. “जा तुम्ही.”

ते म्हणाले, बरं. फोन ठेवला. मी चहा टाकला.

साडेअकराला शीतगृहातल्या एका बाईचा फोन आला, मागे नुसता आरडाओरडा. वॉल्वचा गळा तुटला, धोंडिबाभाऊ आत पडले, दोघांनी तोंडाला ओली पोती बांधून त्यांना बाहेर ओढलं. भोंगा वाजलाच नाही. मी तिचं ऐकत होते आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवरची रेघ बघत होते. चाळीस माणसं मैदानात खोकत होती आणि माझ्याकडे शून्य होतं. चहा उतू जाऊन शेगडी विझली. बाबांनी येऊन गॅस बंद केला.

शनिवार, ७ फेब्रुवारी

तळेगावच्या दवाखान्यात गेले. भाऊंचे डोळे बांधलेत, छातीत घरघर. दृष्टी राहील की नाही ते डॉक्टर इतक्यात सांगत नाहीत. त्यांची बायको चंपामावशी बाहेर बाकावर बसली होती. मला ओळखत नव्हती. मी कंपनीतली म्हटल्यावर तिने सरकून जागा करून दिली.

रविवार, ८ फेब्रुवारी

आंबीची पेटी उतरवून ऑफिसात आणली आहे. सुट्टी होती, मी एकटीच. फडकं बुडवलं आणि जाळीखाली धरलं. माझे डोळे घळाघळा वाहायला लागले. पडद्यावर शून्य. पुन्हा धरलं. शून्य.

मग ती ओळ बदलून ‘नाही’ केली, प्रोग्रॅम नव्याने तयार केला, चढवला, फडकं धरलं. एकसष्ट. भोंगा रिकाम्या ऑफिसात इतका मोठा वाजला की खालचा वॉचमन पळत वर आला.

पेटी उघडली तेव्हा कळलं. आतला बोर्ड माझ्या टेबलावरच्या बोर्डाहून जुना, पहिल्या खेपेतला. हा बोर्ड दोन खणांतला आकडा उचलू शकत नाही. चूक झाली असंही म्हणत नाही. पहिला खण उघडतो, तो नेहमी रिकामा असतो, आणि तेच उत्तर म्हणून देतो. मी पुस्तिका वाचली ती नव्या बोर्डाची.

घरी येऊन धोंडिबाभाऊंचं रजिस्टर काढलं. महिनाभर ते माझ्या टेबलाखाली होतं. गेल्या वर्षीचं १० मार्च, सोमवार. ‘फडका धरला. वाजला न्हाई. श्रीयश साहेबांस बोलावले.’ खाली दुपारची नोंद, ‘साहेबांनी दुरुस्त केले. फडका धरला. वाजला.’ श्रीयशची ती तारीख इथली होती. आणि नंतरचे सगळे भोंगे? पस्तीस, चाळीस, पन्नास. एकही उगाचचा नव्हता. वॉल्व वर्षभर थोडा थोडा गळत होता आणि पेटी खरं बोलत होती, मी येईपर्यंत.

प्रेरणांना फोन करून सगळं सांगितलं. पहिल्या खेपेच्या पेट्या आणखी कुठे आहेत का, हेही विचारलं. म्हणाल्या, नाही, ती एकच राहिली होती, बाकीच्या कधीच बदलल्या. 

वहीतला तो चिकटवलेला कागद आज काढला. आईला दुखत होतं का? मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही, नुसती सांगत राहिले.

सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रेरणांचा अहवाल तयार आहे. ऑपरेटर मास्क न घालता आत गेला आणि पान्याचा जोर जास्त लावल्याने वॉल्व तुटला. पुरावा म्हणून माझी रेघ जोडली आहे, अकरा वीसपर्यंतची, म्हणजे वॉल्व तुटेपर्यंतची. तोपर्यंत शून्य, म्हणजे तोपर्यंत गळती नव्हती, म्हणजे जे झालं ते भाऊंच्या हाताने. अकरा वीसनंतरची रेघही शून्यच आहे, ती त्यांनी कापून टाकली.

प्रेरणा ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, तू ओळ दुरुस्त केलीस ना, मग झालं. अकरा घरं चालतात यावर. भाऊंच्या उपचाराचं आपण बघू. तुझी सही तेवढी हवी.

मी म्हटलं, उद्या देते. भ्याले, हे इथे तरी लिहून ठेवते. नोकरी जाईल याला भ्याले, आणि खटला होईल यालाही.

बाबांना विचारलं, काय करू? म्हणाले, हे मी कसं सांगू?

मंगळवार, १० फेब्रुवारी. कान्हे, दुपारी दीड

सकाळी दवाखान्यात गेले. अहवाल पिशवीत होता, सही नव्हती. भाऊ आज थोडं बोलत होते. माझा आवाज ऐकून उठायला गेले, चंपामावशीने धरलं.

“ताई, माजं चुकलं,” ते म्हणाले. “पंचवीस वर्सात माज्या हातनं येक वॉल्व तुटला न्हाई. सुहास साहेब काल येऊन गेलं. म्हनलं, आदी शून्य हुतं, तुमच्याच पान्यानं फुटलं. म्हंजी वास बी मला खोटाच आला आसंल. नाकाचं बी वय झालं आता.”

दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, आणि माझ्यापाशी माफी मागत होते. मी खाली वाकून त्यांना सगळं सांगितलं. श्रीयशने ‘नाही’ लिहिलं होतं ते, मी ‘हो’ केलं ते, फडका बंद केला तो कशाच्या जिवावर, आणि फोनवर ‘जा’ म्हटलं तेव्हा माझ्याकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं ते. चंपामावशी ऐकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

भाऊंनी पट्ट्या बांधलेला चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेने वळवला. 

“म्हंजी आदीपास्नंच गळत हुतं.”

हो म्हटलं.

“वास खरा हुता.”

हो म्हटलं. त्यांनी मान उशीवर टेकली. त्यांच्या तोंडावर जे आलं त्याला राग म्हणता येणार नाही. मला रागच हवा होता.

मग त्यांनी हात चाचपत माझं मनगट धरलं. विचारलं, ठिपक्याच्या दुसऱ्या पेटीचं काय केलं? मला कळेना. म्हणाले, श्रीयश साहेबांनी जुन्या दोन पेट्यांना हिरवा ठिपका दिला तेव्हा ब्रश भाऊंच्याच हातात होता. एक आंबीची. “आन् येक आमच्या कान्ह्याच्या बर्फाच्या कारखान्यात लावली, ताई. आकाश हाय तितं. आज दिवसपाळीला गेलाय.”

मी प्रेरणांना विचारलं होतं, त्या ‘नाही’ म्हणाल्या होत्या, आणि मी ते लिहून घेतलं होतं. रतनला तिथून फोन केला. म्हणाला, हो, ठिपका होता की पेटीवर, मला वाटलं शोभेला.

रिक्षा केली. येताना अग्निशमन दलाला फोन केला, त्यांना पत्ता दिला. प्रेरणांना कळवलं की अहवालावर सही करणार नाही आणि पूर्ण रेघ मी कारखाना निरीक्षकांकडे देणार आहे. त्या काय म्हणाल्या ते ऐकलं नाही. पिशवीत दुरुस्त केलेला प्रोग्रॅम घातलेलं कार्ड आहे आणि बरणीत फडकं.

आता कान्ह्याचं फाटक पडलंय. मालगाडी चालली आहे, डबे संपत नाहीत. हातांना काहीतरी काम हवं म्हणून लिहिते आहे. आकाशचा फोन वाजतो, तो घेत नाही. भाऊ म्हणाले होते की कामावर असताना फोन कपाटात ठेवायला लावतात. कारखान्याच्या ऑफिसचा फोनही वाजतोय, पण कोणी उचलत नाही. मोबाइलवर कान्ह्याची रेघ उघडून ठेवली आहे. ती वीस जानेवारीपासून सरळ आहे, आत्ताही शून्य.

रिक्षावाला खाली उतरून फाटकाला टेकून उभा होता. त्याने मघाशी इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.